अडीच कॉलेजांचा सौदा

वाशीमहून मालेगावला येणारी मोटार तेव्हा माणसं कमी आणि धूळ जास्त उतरवायची. सत्तावन्न सालच्या एप्रिलात एका सोमवारी त्या धुळीतून पंचफुला उतरली, तेव्हा तिच्या काखेत भूगोलाची नकाशावही होती आणि वहीत, ऑस्ट्रेलियाच्या पानात, एक छापील फॉर्म होता. ऑस्ट्रेलियाच अशासाठी, की ते पान पाच वर्षांत कोणी उघडलं नव्हतं आणि त्यामुळे त्यावर तेलाचा एकही डाग नव्हता.

रोज मोटारीने वाशीमच्या शाळेत जाणारी मालेगावातली ती एकटी मुलगी. मॅट्रिकचे पेपर होऊन गेले होते. हेडमास्तरांनी मुद्दाम बोलावून फॉर्म हातात दिला आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "तीन कॉलेजं, तीन प्रवेश परीक्षा, आणि तिन्ही मे महिन्यातल्या एकाच रविवारी. एक नाव ठेव, दोन खोड. शनिवारी बाराच्या आत कचेरीत पोचलं पाहिजे, मग खिडकी बंद. आणि हो, घरी विचारून खोड."

त्या शेवटच्या वाक्याने सगळा घोटाळा केला. हेडमास्तर बिचारे वाशीमचे. पंचफुलाच्या घरी 'विचारणे' म्हणजे काय प्रकार असतो हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

फॉर्मवर तीन ओळी होत्या. पहिली अकोल्याच्या ट्रेनिंगची. दोन वर्षांत मास्तरीण. दुसरी अमरावतीच्या आर्ट्सची. तिसरी नागपूरच्या सायन्सची. पंचफुलाला विचाराल तर पहिल्या दोन ओळी छापण्यात शाई फुकट गेली होती. ती नववीत असताना एका पाहुण्या मास्तरांनी काचेच्या भांड्यात तारा सोडून पाण्याचे दोन वायू वेगळे करून दाखवले होते. एवढं गरीब पाणी, जन्मभर विहिरीतून ओढलेलं, आणि त्याच्या पोटात हे! त्या दिवसापासून ती घागर भरताना पाण्याकडे जरा आदराने बघायची. नागपूरला तसली भांडी म्हणे भिंतभर मांडून ठेवलेली असतात. मोटारीत तिने एक भाषण तयार केलं होतं. सुरुवात, मध्य, शेवट, आणि मध्ये एक संस्कृत सुभाषितसुद्धा.

ते भाषण तिला कोणी करूच दिलं नाही.

तिचे वडील मारोतराव म्हणजे गावातलं शहाणं माणूस. घरची बऱ्यापैकी शेती, नाकावर चष्मा, आणि तालुक्याचा कारभार बघणाऱ्या जनपद सभेचे माजी मेंबर. 'माजी' हा शब्द ते इतक्या रुबाबात उच्चारायचे की ऐकणाऱ्याला तो 'मेंबर'पेक्षा मोठा हुद्दा वाटायचा. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला, उलटा करून मागचा कोरा भागही वाचला आणि चष्मा काढला.

"बाबा, मले वाटते..." पंचफुलाने सुरुवात केली.

"थांब वं पंचे. एवढी मोठी गोष्ट. चार जनाले इचारू."

मारोतरावांनी चार जणांना विचारल्याशिवाय आयुष्यात वासरूसुद्धा घेतलं नव्हतं. फरक एवढाच, की वासरू घेताना ते निदान वासराच्या तोंडाकडे बघायचे.

पहिला सल्ला घरातूनच निघाला. अंगणात खाटेवर कुरडया वाळत होत्या आणि त्यांच्यावरून कावळे हाकलत पंचफुलाची आई गोजराबाई बसली होती. "अकोला बरं," ती म्हणाली. "सकाळी गेलं की दिवस बुडाच्या आत मानूस वापस येते. नागपूर गंज दूर हाय बाप्पा. पोट्टीले ताप आला तं तार येईपर्यंत उतरून जाईन."

"उतरला तं बरंच हाय ना, माय!"

"मंग मी कायच्यासाठी हाये?" गोजराबाई म्हणाली.

दुसरा सल्ला कुंपणावरून आला. तुळसाबाई आत्या शेजारच्याच घरात राहायची. ती चौथी पास होती आणि त्या जोरावर गावातली सगळी पत्रं वाचायची. ज्यांची नव्हती त्यांचीसुद्धा. "अमरावतीच!" तिने निकाल दिला. "अंबादेवीचं देऊळ हाय. रोज दर्शन, अन् वर कॉलेज. अन् सायन्समधी बेंडक्या कापतात म्हने. आपल्या खानदानात कोनी बेंडकी कापली नाई."

तिसरे इंद्रभान काका, मारोतरावांचे धाकटे भाऊ, बैलबाजारातले दलाल. दहा कोसांत त्यांचा शब्द चालायचा. त्यांना कॉलेजांतलं काही कळत नव्हतं, पण अमरावतीबद्दल ठाम मत होतं. तिकडच्या एका बैलाने त्यांना ऐन सौद्यात लाथ मारली होती. "ते गावच तसं हाय," ते मांडी चोळत म्हणाले.

आणि चौथे प्रेमसिंग नाईक, मानोऱ्याकडच्या तांड्याचे, मारोतरावांचे जुने स्नेही. पांढरंशुभ्र पागोटं, पांढऱ्याशुभ्र मिशा. ते बैल बघायला आले होते आणि शिक्षण बघत बसले. "पोरीले ढोराचा डॉक्टर कर, मारोतराव. मानसाचे डॉक्टर लय झाले. मानूस तं बोलून सांगते कुठी दुखते ते. बैलाले कोन इचारते?"

"ते फॉर्मात नाई, नाईक."

"मंग फॉर्मच चुकला हाय," प्रेमसिंग शांतपणे म्हणाले आणि बैलाकडे वळले.

एवढ्यावर भागलं असतं. पण मारोतरावांनी फॉर्म दिवाणखान्यात पाटावर उघडा ठेवला, वर पितळी अडकित्ता ठेवला आणि शेतावर गेले. संध्याकाळी येऊन बघतात तर तिन्ही ओळी खोडलेल्या! दुपारी घरात तीन कॉलेजं होती. दिवेलागणीला एकही उरलं नव्हतं.

मारोतरावांनी जनपद सभेत शिकलेली सगळी चौकशी त्या दिवशी केली. ती अवघड गेली नाही, कारण प्रत्येक आरोपीने वेगळं हत्यार वापरलं होतं. नागपूर काजळाने खोडलं होतं. अकोला शिसपेन्सिलीने, पट्टी लावून, चौथी पास असल्यासारखं. आणि अमरावती जांभळ्या पेन्सिलीने, जी जिभेवर ओली करून काका बाजारात चिठ्ठ्या लिहायचे.

"मी एकच खोडलं!" तिघंही एकाच वेळी म्हणाले, आणि तिघंही खरं बोलत होते.

"पन गोजरे, तुले तं वाचता येत नाई. नागपूर कोनतं ते कसं समजलं?"

गोजराबाईने मान खाली घातली. "पंचीचं बोट दोपारपासून त्याच एका ओळीवर फिरून राह्यलं होतं. तेवढं समजते मले."

पंचफुला मनात म्हणाली, चला, घरात एकीला तरी कळलं. पण कळून तिने काय केलं, तर काजळ फासलं!

मंगळवारी बापलेक वाशीमला गेले. कचेरीच्या खिडकीत एक बारीक बाबू बसले होते. समोर शाईची दौत, रबरी शिक्का आणि ज्याच्यातून वारा सोडून सगळं येत होतं असा एक पंखा.

"दुसरा फॉर्म मिळणार नाही," बाबू म्हणाले. "माणशी एक. खराब झाला असेल तर अर्ज करा. कारण लिहा."

मारोतराव खरं बोलणारे. त्यांनी टाक उचलला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'घरातील मंडळींच्या अति प्रेमामुळे फॉर्म खराब झाला.'

बाबूंनी ते दोनदा वाचलं. "प्रेमाचा रकाना नाही. वाळवी, उंदीर, आग, पाणी. चारांतलं एक सांगा."

"पन तसं झालं नाई."

"मग फॉर्म नाही."

"मी जनपद सभेचा माजी मेंबर हावो," मारोतरावांनी शेवटचं शस्त्र काढलं.

"कोणत्या राज्यात?" बाबूंनी विचारलं.

हा घाव जिव्हारी लागला. गेल्या दिवाळीतच आपला मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला होता, आणि मारोतरावांचं माजीपण एका रात्रीत परराज्यातलं झालं होतं. त्यांनी बाबूंच्या टेबलाकडे बघितलं. बाबू एकेका कागदावर शिक्का मारत होते. शिक्का जुनाच होता. मारून झाला की त्यातलं 'मध्यप्रदेश' खोडायचे आणि वर हाताने 'मुंबई' लिहून सही ठोकायचे.

"वा!" मारोतराव म्हणाले. "तुमी अख्खं राज्य खोडता, तं त्याले सही. अन् आमी तीन कॉलेज खोडले, तं आमाले अर्ज!"

रांगेतले लोक हसले. बाबू हसले नाहीत, पण पुढचं 'मध्यप्रदेश' त्यांनी जरा हळूच खोडलं.

तेव्हा पंचफुला पुढे झाली. तिने फॉर्म उचलला, व्हरांड्यातल्या रांजणाशी गेली, आणि त्यावर सबंध गडवाभर पाणी ओतलं.

"अवं! काय करून राह्यली?"

"पानी लावलं, बाबा. आता लिहा पानी. खोटं कुठं राह्यलं?"

बाबू पुरावा मागणार हे तिने ओळखलंच होतं. पण काकांची ती जांभळी पेन्सिल ओली झाली की काय करते, हे तिला ठाऊक नव्हतं. अमरावती पसरली. आधी ती अकोल्यात शिरली, मग नागपुरात, मग मारोतरावांच्या बोटांत, बोटांतून पांढऱ्या धोतरावर, आणि तिथून बाबूंच्या टेबलावर. बाबूंनी तो फॉर्म दोन बोटांच्या चिमटीत धरून टोपलीत टाकला आणि नवा दिला. त्या जांभळ्या धोतराने मारोतराव मोटारीतून परत आले तेव्हा स्टँडवर चौघांनी विचारलं, "कुठी रंग खेळून आले, मेंबरसाहेब?" एप्रिलात!

नवा फॉर्म लोखंडी पेटीत गेला आणि किल्ली मारोतरावांच्या करगोट्याला लागली. बुधवार गेला. गुरुवार गेला. पंचफुला पेटीवर बसून भूमितीचं पुस्तक वाचायची. निदान नागपूर आपल्या बुडाखाली आहे एवढं समाधान. फॉर्म शनिवारी गेला नाही तर वर्ष घरी काढावं लागणार, आणि वर्षभर घरी बसलेल्या मुलीला बघायला त्या काळी पाहुणे यायचे. एक घर रिसोडकडचं होतंच. आत्याने त्यांचं पत्र वाचलं होतं.

मारोतरावांची अडचण वेगळी होती. एकाचा सल्ला घ्यावा तर बाकीचे रुसतात. शेवटी शुक्रवारी इंद्रभान काकांनी तोडगा काढला, आणि तो त्यांच्याशिवाय कोणालाच सुचला नसता.

"दादा, सौदा दुपट्ट्याखाली करू."

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आपला दुपट्टा हातावर टाकायचा, गिऱ्हाईक त्याखाली हात घालायचं, आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बोट मधल्या पेरात दुमडलं की अर्धा. बाजूला उभ्या असलेल्या बैलालासुद्धा आपली किंमत कळायची नाही. कोणी काय मागितलं, कोण किती उतरलं, सगळं दुपट्ट्याखालीच राहायचं. सौदा ठरला की 'तुटला' म्हणायचे. दलाल फक्त शेवटचा आकडा ओरडायचा, आणि तो एकदा ओरडला की मोडणं म्हणजे बाजारातून उठणं.

"एक बोट अकोला, दोन अमरावती, तीन नागपूर," काका म्हणाले. "कोनी काय देल्लं ते माह्या पोटात. दलालाले सोताचा भाव नसते."

मारोतरावांना हे फार पसंत पडलं. गुप्त मतदान! त्याच वर्षी निवडणूक झाली होती, त्यामुळे तर त्यांना हे अगदी कायदेशीर वाटलं. पंचफुला ओसरीच्या खांबाला टेकून बघत राहिली. बैलाच्या जागेवर.

आधी आत्याने हात घातला आणि मोठ्याने म्हणाली, "दोन!"

"बाई, बोलायचं नसते!"

"मी काय चोरी करून राह्यली?"

मग गोजराबाईची पाळी. तिने तर दारामागूनच नकार दिला. दिराच्या हातात हात द्यायचा, तोही दुपट्ट्याखाली, आणि प्रेमसिंग नाईक समोर बसलेले! तेव्हा असं ठरलं, की आत्याने आत जायचं, पदराआड वहिनीची बोटं घ्यायची, आणि ती बाहेर आणून भावाच्या हातात द्यायची. आत्या आत गेली. स्वयंपाकघरात बराच वेळ बांगड्या वाजल्या. आत्या बाहेर आली, दुपट्ट्यात हात घातला, आणि काकांच्या भुवया वर गेल्या.

"गोजरा अमरावतीवर आली?" मारोतरावांना राहवलं नाही.

"समजावलं मी तिले," आत्या म्हणाली.

उरले प्रेमसिंग. त्यांनी पागोटं सारखं केलं, हात घातला, आणि इथे खरा घात झाला. नाईकांनी चार बोटं दिली.

"चार नाईच हाय, नाईक."

"मी ढोराच्या डॉक्टरवर कायम हावो."

आता इंद्रभान काकांचं काम होतं बोटं मोजायचं. पण तीस वर्षं ज्या हाताने घासाघीस केली, तो हात दुपट्ट्याखाली गेला की ऐकतो थोडाच! काकांनी एक बोट दाबून खाली केलं. नाईकांनी ते परत वर केलं. काकांनी दोन दाबली. नाईकांच्या मिशा थरथरल्या. दुपट्टा असा हलत होता, जणू आत मांजरी भांडताहेत. काका मध्येच हात काढून "नाई जमत, चाललो मी" म्हणून उठले. नाईकांनी त्यांना धोतराला धरून परत बसवलं. अर्ध्या तासाने दोघंही घामाने भिजले होते. "साडेतीन! याच्या खाली नाई," नाईक शेवटी मोठ्यानेच म्हणाले.

आणि मग बाजारात जसं होतं तसंच झालं. काकांच्या अंगात दलाल संचारला. त्यांनी दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला आणि आळीभर ऐकू जाईल असं ओरडले, "सौदा तुटला! अडीचावर!"

सगळ्यांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. नाईकांनी सवयीने, समोरचं गिऱ्हाईक समजून, आत्याला रामराम केला. मग मारोतराव आपली बोटं मोजायला लागले.

"अडीच म्हंजे कोनतं कॉलेज, इंद्रभान?"

पंचफुलाने मनातल्या मनात हिशेब केला. दोन, दोन आणि साडेतीन. साडेसात भागिले तीन. अडीच बरोबर होते! एका दशांशाचीही चूक नव्हती, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"ते मले काय मालूम?" काका म्हणाले. "पन जबान गेली, दादा. आता मोडाचं नाई."

मारोतराव शब्दाचे पक्के. त्यांनी पेटी उघडली, टाक बुडवला, अकोला पूर्ण खोडलं, आणि मग पट्टीने मोजून अमरावती अर्धी खोडली आणि नागपूर अर्धं.

शनिवारी सकाळच्या मोटारीने तिघं निघाले. इंद्रभान काका सौद्याचे साक्षीदार म्हणून बरोबर. खिडकीत तेच बाबू. मारोतरावांना बघताच त्यांनी आधी टेबलावरचे कागद मागे ओढले. मग फॉर्म बघितला, आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे काय? दोन परीक्षा अर्ध्या अर्ध्या?"

"सौदा झाला हाय," मारोतराव गंभीरपणे म्हणाले.

"मुलगी सकाळी अमरावतीत बसून दुपारी नागपुरात उठणार का?"

"ते तुमच्या खात्यानं पाहावं."

"पावणेबारा झालेत. एक ओळ ठेवा, नाहीतर फॉर्म घेऊन जा."

मारोतरावांनी काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली. "मी आकडा ओरडलो, दादा. नाईकांनी ऐकला. उद्या बाजारात लोक म्हनतीन, इंद्रभानचा सौदा मोडला."

भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. पंचफुलाला मोटारीतलं भाषण आठवलं. सुरुवात आठवली, शेवट आठवला, सुभाषित काही आठवेना. आणि मग तिला काहीतरी भलतंच आठवलं. लहानपणी काकांच्या खांद्यावर बसून ती बाजारात जायची तेव्हाचं.

"काका," ती म्हणाली, "मालकाचं बोट लागल्याबिगर सौदा होते काय?"

"होतच नाई! आधी मालकाचं बोट, मंग गिऱ्हाइकाचं. मालकाले इचारल्याबिगर आकडा ओरडला, तं दलाल कायचा तो?"

"मंग परीक्षा कोन देनार हाय? मालक कोन?"

काकांनी कपाळावर हात मारला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मालकाला न विचारता बैल विकला होता. आणि इथे तर बैलच मालक होता!

"मले कोनीच इचारलं नाई, बाबा," पंचफुला म्हणाली. "सोमवारपासून साऱ्यायले इचारलं तुमी. नाईकांच्या बैलालेबी इचारलं असतं. फक्त मले नाई."

मारोतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खांद्यावरचा दुपट्टा हळूच काढला आणि कचेरीच्या खिडकीत, सरकारी टेबलासमोर, आपल्या हातावर टाकला.

पंचफुलाने त्याखाली हात घातला. बाबांचा हात खरखरीत होता आणि बोटांना अजून जांभळा रंग होता, तो दिसत नव्हता पण तिला माहीत होता. तिने तीन बोटं दिली.

बाबांनी एक बोट हळूच मिटवलं. दोन?

तिने ते उघडलं. तीन.

त्यांनी परत मिटवलं, या वेळी जरा जोरात. दाबून धरलं. बाबू खिडकीतून अर्धे बाहेर आले होते. रांगेतला माणूस टाचा उंच करत होता. पंचफुलाने बाबांच्या डोळ्यांत बघितलं आणि ते बोट परत उघडलं, आणि उघडंच ठेवलं.

मग बाबांनी तिची तिन्ही बोटं आपल्या मुठीत घेतली. घट्ट. बाजारात सौदा पटला की धरतात तशी.

"इंद्रभान," ते म्हणाले, "मोडला तुहा सौदा. मालकानं बोट देल्लं नव्हतं."

"बराबर हाय, दादा," काका म्हणाले आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग तो सौदाच नव्हता. बाजारात सांगतो मी."

"पण नागपूर अर्धं खोडलंय," बाबू म्हणाले. मग त्यांनी आपल्या शिक्क्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि दौत पुढे सरकवली. "समोर लिहा, 'खोडलेले रद्द', आणि सही करा. आम्ही राज्य तसंच चालवतो."

बारा वाजता खिडकी बंद झाली, तेव्हा फॉर्म आत होता.

मालेगावच्या स्टँडवर आत्या आणि प्रेमसिंग नाईक उभेच होते. नाईकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "साडेतीन म्हनलो होतो. अर्धं बोट वाया गेलं. तरी बेंडकीपासून सुरू कर, पोरी. पुढं बैलापर्यंत येशीन." आत्या रुसली, ती अंबादेवीला नवस बोलायला गेली. नवस नागपूरच्या परीक्षेसाठी होता, पण हे तिने पुढे कित्येक वर्षं कबूल केलं नाही.

घरी मारोतराव खाटेवर बसले आणि गोजराबाईने पाण्याचा गडवा आणला.

"कितीवर तुटला?" तिने विचारलं.

"तिनावर."

"घासाघीस केली नाई?"

"केली ना. दोन डाव एक बोट खाली केलं. पोट्टी उतरेचना. दलालाच्या खानदानातली हाय."

गोजराबाई आत गेली. पंचफुला मागोमाग गेली. आता रडारड होणार, ताप येणार, तार जाणार. सगळी उत्तरं तिने तयार ठेवली होती. गोजराबाई चुलीपुढे बसून कुरडया डब्यात भरत होती. मोठ्ठा डबा. नागपूरला पुरेल एवढा.

"माय, तुह्या मनात नाई ना? तू काजळ लावलं होतं. मंग दुपट्ट्याखाली तू दोन देल्ले. मी वळखून हावो."

गोजराबाईने हात पुसला, पदर पुढे ओढला आणि त्याच्या आड पंचफुलाचा हात धरला. चुलीच्या धगीने तिची बोटं गरम होती. एक दाबलं. दुसरं दाबलं. आणि तिसरं.

"मी तवाच तीन देल्ले होते वं," ती हळूच म्हणाली. "तुह्या आत्यानं येता येता एक दलालीत खाल्लं."